वीजनिर्मिती (मीरा-भाईंदर परिसर)

ठाणे जिल्ह्यातील मीरा रोड (पूर्व) येथील बेव्हर्ली पार्कसारख्या वस्त्यांना मिळणारी वीज अनेक स्रोतांतून निर्माण होऊन सामायिक ग्रिडमधून येते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले विद्युत चुंबकीय प्रवर्तन हा बहुतेक वीजनिर्मितीचा पाया होय.

अनवीकरणीय स्रोत : डहाणू औष्णिक केंद्रात (५०० मेगावॉट) कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेच्या दाबाने टर्बाइन व त्याला जोडलेले जनित्र फिरते. तारापूर येथे १९६९ पासून युरेनियमच्या विखंडनातून वाफेसाठी लागणारी उष्णता मिळवली जाते.

नवीकरणीय स्रोत : टाटांच्या खोपोली केंद्रात १९१५ पासून घाटमाथ्यावरून उतरणारे पाणी टर्बाइन फिरवते. कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. पवनचक्कीत हेच काम वारा करतो. सौर घटात फिरता भाग नसतो. प्रकाशामुळे सिलिकनमधील इलेक्ट्रॉन मुक्त होऊन एकदिश प्रवाह मिळतो व इन्व्हर्टर त्याचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो.

मूल्यमापन : कोळशापासून हवी तेव्हा वीज मिळते, परंतु राख व कार्बन डायऑक्साइड निर्माण होतात. सौर व पवन ऊर्जा स्वच्छ असली तरी ऊन-वाऱ्यावर अवलंबून असते. त्यामुळे साठवणुकीची जोड आवश्यक ठरते. दाट वस्तीच्या उपनगरांत मोकळी जमीन दुर्मीळ असल्याने गृहसंकुलांच्या गच्च्या हीच सौरनिर्मितीची सर्वांत योग्य जागा होय.