गाडीतला आवाज अचानक का थांबतो? व्हायब्रेटरपासून सबवूफरपर्यंत

#थ्रेड #इतिहास

१/ गाडीतील सबवूफर एके दिवशी अचानक मुका होतो. दारांतील स्पीकर वाजत असतात. डिकीतला अँप्लिफायर मात्र निपचित पडलेला असतो. संशय प्रथम स्पीकरवर जातो, मग अँप्लिफायरवर, आणि पुष्कळदा दोन्ही बदलूनही दोष तसाच राहतो. या तक्रारीला नऊ दशकांहून अधिक इतिहास आहे. तो समजून घेतला, तर दोष कोठे शोधावा हेही उमगते.

२/ मोटारीत बॅटरी संगीतासाठी आलेली नाही. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर बसला आणि त्यानंतर बॅटरी हा गाडीचा अविभाज्य भाग झाला. पुढे अमेरिकी गाड्यांत ६ व्होल्टची पद्धत रूढ झाली. निर्वात नळ्यांच्या रेडिओला मात्र दोनशेच्या आसपास व्होल्ट लागत. या दोन आकड्यांतील दरी, हाच मोटारीतील ध्वनियंत्रणेचा मूळ प्रश्न होय.

३/ १९३० मध्ये शिकागोच्या गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनने ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीचा रेडिओ बाजारात आणला. हेच नाव १९४७ मध्ये कंपनीने स्वतःला घेतले. त्या काळच्या अशा रेडिओंसाठी उच्च दाबाच्या कोरड्या बॅटऱ्या गाडीच्या तळाशी वेगळ्या बसवाव्या लागत. त्या पुन्हा भरता येत नसत. त्या संपल्या की रेडिओ निर्दोष असूनही गप्प होई.

४/ १९३० च्या दशकाच्या प्रारंभीच यावर तोडगा निघाला : व्हायब्रेटर. डबीत बसवलेली एक पोलादी पट्टी सेकंदाला शंभराहून अधिक वेळा थरथरे आणि बॅटरीचा एकदिश प्रवाह तोडत-जोडत राही. तुटक झालेला हा प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून गेला की त्याचा दाब वाढे. जुना रेडिओ सुरू करताना ऐकू येणारी बारीक गुणगुण याच पट्टीची.

५/ व्हायब्रेटरचे संपर्कबिंदू ठिणग्यांनी झिजत, कधी एकमेकांना चिकटून बसत. म्हणूनच तो नळीसारखा उपसून बदलता येईल असा बनवला जाई. परंतु अनुभवी दुरुस्तीकाराला आणखी एक गोष्ट ठाऊक असे : ठिणग्या आवरणारा बफर कॅपॅसिटर बिघडला असेल, तर नवा व्हायब्रेटरही लवकरच जळतो. बंद पडलेला भाग आणि बंद पाडणारा भाग एकच असतो असे नाही.

६/ १९५५ मध्ये क्रायस्लर आणि फिल्को यांनी संपूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ जाहीर केला. त्याच सुमारास अमेरिकी गाड्या ६ वरून १२ व्होल्टवर येत होत्या. ट्रान्झिस्टरला इतका दाब पुरेसा होता. पुढच्या काही वर्षांत व्हायब्रेटर मोटारीतून हद्दपार झाला.

७/ तथापि १२ व्होल्टलाही मर्यादा होती. इंजिन चालू असताना मिळणाऱ्या १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला, ब्रिज जोडणी केली तरी, स्वच्छ आवाजासाठी जेमतेम २५ वॅट देता येतात. सबवूफरला शेकडो वॅट हवेत. त्यामुळे १९७० च्या दशकापासून वाढत गेलेल्या शक्तिशाली अँप्लिफायरांमध्ये दाब वाढवणारी यंत्रणा पुन्हा आली. पट्टीच्या जागी आता ट्रान्झिस्टर आहेत आणि ते प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतात. तत्त्व मात्र व्हायब्रेटरचेच.

८/ आता साधा हिशेब करू. अँप्लिफायर ६०० वॅट ओढत असेल, तर १२ व्होल्टवर सुमारे ५० अँपिअर प्रवाह लागतो. अर्थिंगच्या जोडाखाली रंग किंवा गंज राहून ०.१ ओहम रोध निर्माण झाला, तर ५ व्होल्ट तेथेच खर्ची पडू पाहतात. उरलेल्या दाबावर अँप्लिफायर तग धरत नाही. तो स्वतःला बंद करून घेतो. हळू आवाजात सर्व ठीक आणि आवाज वाढवताच बंद, या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असते.

९/ म्हणून तपासाचा क्रम पुरवठ्यापासून सुरू व्हावा :
• बॅटरीजवळचा आणि अँप्लिफायरवरील फ्यूज.
• अँप्लिफायरच्याच टर्मिनलवर, यंत्रणा वाजत असताना मोजलेला दाब. प्रवाह वाहत नसेल तर सैल जोडही मीटरवर १२ व्होल्ट दाखवतो.
• अर्थिंगची वायर, जिथे ती पत्र्याला भिडते तिथे.
• स्टिरिओकडून येणारी रिमोट वायर. तिच्यावर दाब नसेल तर अँप्लिफायर जागाच होत नाही.
• ‘प्रोटेक्ट’ दिवा लागत असेल, तर यंत्रणा बंद करून स्पीकरच्या वायर काढाव्यात आणि पुन्हा सुरू करावी. दिवा विझला तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये.
• शेवटी, वायर सुटीच ठेवून सबवूफरचा रोध. ४ ओहमची एक कॉइल साधारण ३ ते ४ ओहम दाखवते. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे.

१०/ एक इशारा आवश्यक आहे. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा साधी तार कधीही लावू नये. बॅटरीजवळचा फ्यूज मुख्यतः गाडीभर फिरणाऱ्या वायरच्या रक्षणासाठी असतो. वायरचे आवरण घासून ती पत्र्याला टेकली, तर आग आणि गाडी यांच्यामध्ये तोच एक अडसर असतो.

११/ तंत्रज्ञानाचा इतिहास आपण बहुतेकदा शोधांच्या तारखांनी लिहितो. बिघाडांच्या अंगाने पाहिले की त्यात वायरमन, रेडिओ दुरुस्त करणारे, गॅरेजमधले कारागीर दिसू लागतात. १९३० च्या दशकात त्यांनी जो धडा घेतला, तो आजच्या डिकीतही लागू आहे : आवाज गेला, तर आधी वीज कोठवर पोहोचते ते पाहावे.

(समाप्त)