डमी प्रिंटर म्हणजे काय? लिनक्सवर तो कसा बसवतात?

भंडारा जिल्ह्यात धान खरेदीचा हंगाम आला की नोंदणीसाठी शेतकऱ्यांना सातबारा लागतो. त्याच दिवसांत तुमसर किंवा पवनीच्या एखाद्या सेवा केंद्राला पावतीचं नवं सॉफ्टवेअर तपासायचं असेल, तर त्यासाठी एकुलता एक प्रिंटर अडवून ठेवणं परवडत नाही. कागद वाया जातो तो वेगळाच. अशा वेळी उपयोगी पडतो डमी प्रिंटर. संगणकाच्या यादीत तो दिसतो, प्रत्यक्षात मात्र नसतो.

लिनक्स आणि मॅकवर छपाईचं काम 'कप्स' ही यंत्रणा बघते. ती १९९९ मध्ये आली आणि २००७ मध्ये ॲपलने तिचे हक्क विकत घेतले. कप्सच्या लेखी प्रिंटर म्हणजे कामांची एक रांग आणि तिच्या टोकाला एक पत्ता. त्या पत्त्यावर यंत्र असलंच पाहिजे असं नाही. युनिक्समध्ये 'डेव्ह-नल' नावाची एक खास फाइल असते. तिच्यात टाकलेलं सगळं गडप होतं. डमी प्रिंटरला हाच पत्ता द्यायचा.

त्यासाठी टर्मिनलमध्ये ॲडमिनच्या अधिकाराने 'एलपीॲडमिन' ही कमांड चालवतात. 'पी' या पर्यायापुढे प्रिंटरचं नाव, मग मोठा 'ई', आणि 'व्ही'पुढे पत्ता: फाइल, कोलन, तीन स्लॅश, डेव्ह, स्लॅश, नल. खरी गंमत 'ई'ची आहे. तो नावानंतर आला तर प्रिंटर सुरू होऊन कामं स्वीकारतो. नावाआधी आला तर त्याचा अर्थ एन्क्रिप्शन असा होतो आणि प्रिंटर बंदच राहतो! 'एलपीस्टॅट' या कमांडने स्थिती लगेच कळते.

धोका पुढे आहे. डमीकडे पाठवलेलं काम 'पूर्ण झालं' असंच दिसतं, पण कागद कुठेच नसतो. त्यामुळे डमीला कधीही डिफॉल्ट प्रिंटर करू नये, आणि त्याच्या नावातच 'चाचणी' लिहावं. नाहीतर शेतकरी काउंटरवर उभा आणि पावती डेव्ह-नलमध्ये, असं व्हायचं.

प्रत जपून ठेवायची असेल तर 'कप्स-पीडीएफ' बरं. ते छापण्याऐवजी पीडीएफ बनवून फोल्डरमध्ये ठेवतं. आणि खरा प्रिंटरच बिघडला असेल तर डमीची गरजच नाही. 'कप्सडिसेबल'ने त्याची रांग थांबवली तरी नवी कामं तिच्यात जमा होत राहतात. दुसरा प्रिंटर मिळाला की 'एलपीमूव्ह'ने ती तिकडे वळवता येतात.