हाली, कलदार आणि क्युबाचा पेसो

निजामाच्या काळात आपल्या आळंद भागात रकमेचा आकडा सांगून भागत नसे. ‘हाली की कलदार?’ हेही सांगावे लागे. हाली म्हणजे निजामाचा चालू रुपया, कलदार म्हणजे इंग्रजी रुपया. आळंद निजामाच्या राज्यात, तर सोलापूर इंग्रजी मुलखात. त्यामुळे सोलापूरच्या पेठेशी व्यवहार करणाऱ्याला बट्ट्याचा हिशेब चुकत नसे. शंभर कलदार म्हणजे हाली एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै!

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात आले. सात हालीला सहा भारतीय रुपये असा दर ठरला आणि १९५० च्या दशकात हाली हळूहळू व्यवहारातून गेला.

दोन नाण्यांचा असाच पेच क्युबा या समाजवादी बेटाला अलीकडे पडला. १९५९ च्या क्रांतीनंतर तेथील साखर सोव्हिएत संघ चढ्या भावाने घेई व खनिज तेल देई. १९९१ मध्ये सोव्हिएत संघच मोडला. तेल आटले, कारखाने थंडावले, १९६२ पासून चालत आलेल्या शिधापुस्तिकेवरचे धान्यही अपुरे पडू लागले. परकीय चलनासाठी सरकारने १९९३ मध्ये डॉलर बाळगण्यास मुभा दिली आणि १९९४ मध्ये डॉलरच्या बरोबरीचा दुसरा पेसो काढला. आपल्याकडे हाली आणि कलदार यांच्यामध्ये राज्याची सीमा होती. क्युबात दोन्ही नाणी एकाच गल्लीत आली. डॉक्टरचा पगार साध्या पेसोत, हॉटेलातल्या वाढप्याची बक्षिशी भारी पेसोत. शिकलेली माणसे टॅक्सी चालवू लागली.

अखेर १ जानेवारी २०२१ रोजी भारी पेसो रद्द झाला. एका डॉलरला २४ पेसो असा एकच दर ठरला, पगार व निवृत्तिवेतन वाढवले. त्याच वर्षी शंभर कामगारांपर्यंतच्या खासगी उद्योगांनाही कायद्याने परवानगी मिळाली. पाऊल आवश्यक होते, पण वेळ वाईट होती. कोरोनाने पर्यटन बंद पडले होते, अमेरिकेचे निर्बंध कडक झाले होते. १९९० च्या सुमारास ऐंशी लाख टन साखर करणारा देश २०२२ च्या हंगामात पाच लाख टनही करू शकला नाही. हातात नोटा वाढल्या, दुकानात माल नव्हता. भाव भडकले आणि वाढलेले निवृत्तिवेतन पाहता पाहता अपुरे झाले.

हाली गेला तेव्हा त्याची जागा घेणाऱ्या रुपयामागे एका मोठ्या देशाची शेती, गिरण्या आणि बाजारपेठ होती. क्युबाच्या एकट्या पेसोमागे तेवढे बळ नव्हते. उसाचे गाळप कमी झाले की गावात काय होते, हे आपल्या तालुक्याला सांगायला नको. चलन सुधारणे सरकारच्या हाती असते; त्याला किंमत मात्र शेतात आणि कारखान्यात पिकलेल्या मालानेच येते. तो माल नसेल तर सुधारणेचा बट्टा सोसतो तो ठरावीक पगारावर आणि निवृत्तिवेतनावर जगणारा माणूस.