पाठटाचणाचा पूर्वज : हर्बार्टच्या पाच पायऱ्या, ज्या हर्बार्टच्या नव्हत्या

(१/१५)
शाळेत असताना आमच्या वर्गावर बी.एड.च्या एका छात्राध्यापकांचा सराव पाठ होता. विषय : महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन वसाहती. मागच्या बाकावर निरीक्षक बसले होते, टेबलावर पाठटाचणाची वही उघडी होती आणि फळ्याशेजारी जोर्वे येथील भांड्यांचा सुबक तक्ता टांगला होता.

(२/१५)
प्रश्न आधीच ठरलेले होते. घरी स्वयंपाक कशात करतात? पूर्वी भांडी कशाची असत? साडेतीन हजार वर्षांपूर्वीची भांडी कशी असतील? शेवटच्या प्रश्नाला गप्प राहायचे, हे आम्ही अनुभवाने शिकलो होतो. ती शांतता पसरली की सर म्हणत, ‘तर आज आपण याचाच अभ्यास करणार आहोत.’

(३/१५)
त्या दिवशी एक मुलगा उठून म्हणाला, ‘सर, आमच्या शेताजवळच्या पांढरीत अशीच खापरं निघतात.’ सरांनी वहीकडे पाहिले. ‘बरं, बस,’ म्हणाले आणि पाठ पुढे नेला. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची जागा. खापरांचा रंग कोणता, त्यांवर नक्षी आहे का, हे त्याला कोणीही विचारले नाही.

(४/१५)
आज इतिहासाचा विद्यार्थी म्हणून त्या प्रसंगाकडे पाहताना मला त्या सरांचा राग येत नाही. त्यांच्या वहीत त्या उत्तरासाठी रकानाच नव्हता. मग हा रकान्यांचा पाठ आला कोठून? त्याचा माग काढत गेलो, की आपण अठराव्या शतकाच्या अखेरच्या स्वित्झर्लंडमध्ये पोहोचतो.

(५/१५)
योहान फ्रीडरिश हर्बार्ट यांचा जन्म १७७६ मध्ये उत्तर जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे झाला. येना विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकत असतानाच, १७९७ मध्ये, ते स्वित्झर्लंडला गेले आणि इंटरलाकेनचे प्रशासक स्टायगर यांच्या तीन मुलांचे खासगी शिक्षक झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे वीस-एकवीस वर्षांचे होते.

(६/१५)
मुलांच्या वडिलांनी एक अट घातली होती : दर दोन महिन्यांनी प्रत्येक मुलाची प्रगती आणि अध्यापनाची पद्धत पत्राने कळवायची. त्यांपैकी काही पत्रे आजही उपलब्ध आहेत. तिघे भाऊ वयाने आणि स्वभावाने वेगळे, म्हणून प्रत्येकाचा विचारही वेगळा करावा लागे. हर्बार्ट यांचे शिक्षणशास्त्र या पत्रांत आकार घेऊ लागले.

(७/१५)
ग्रीक भाषा शिकवताना त्यांनी व्याकरणाआधी होमरचे ‘ओडिसी’ हाती घेतले. समुद्र, वादळे, राक्षस आणि घरी परतण्याची ओढ यांनी भरलेले ते जग लहान मुलाला जवळचे वाटेल, असा त्यांचा विचार होता. नवे ज्ञान मनात आधीपासून असलेल्या कल्पनांना जोडले गेले तरच रुजते, हा पुढे त्यांच्या मानसशास्त्राचा पाया ठरला.

(८/१५)
१७९९ मध्ये बुर्गडोर्फ येथे त्यांनी पेस्टालोत्सी यांचे अध्यापन प्रत्यक्ष पाहिले. १८०६ मध्ये त्यांचा सामान्य शिक्षणशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८०९ मध्ये ते क्योनिग्सबर्गला गेले. एकेकाळी इमान्युएल कांट ज्या अध्यासनावर होते, तेच आता त्यांच्याकडे आले. तत्त्वज्ञान शिकवता शिकवता त्यांनी तेथे शिक्षकांसाठी अध्यापनवर्गही चालवला.

(९/१५)
आता मुख्य मुद्दा. हर्बार्ट यांनी पाच पायऱ्या लिहिल्याच नाहीत. त्यांनी विचारप्रक्रियेच्या चार अवस्था सांगितल्या : स्पष्टता, साहचर्य, व्यवस्था आणि पद्धती. मन एखाद्या गोष्टीत बुडते, मग वर येऊन तिचा इतर गोष्टींशी मेळ घालते. श्वास आत घ्यावा आणि सोडावा, तसे. या अवस्था चाळीस मिनिटांच्या एका तासिकेत बसवायच्या होत्या, असे नव्हे.

(१०/१५)
१८४१ मध्ये हर्बार्ट निवर्तले. त्यानंतर लाइपझिगचे तुइस्कोन त्सिलर यांनी पहिल्या अवस्थेचे दोन भाग केले आणि चाराच्या पाच झाल्या. येनाचे विल्हेल्म राइन यांनी त्यांना वर्गात वापरता येईल असे रूप दिले : पूर्वतयारी, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. बी.एड. केलेल्या कोणालाही ही नावे ओळखीची वाटतील.

(११/१५)
ही चौकट एवढी का पसरली? एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत शाळा झपाट्याने वाढत होत्या. हजारो नवशिक्या तरुण-तरुणींना थोड्या काळात शिक्षक म्हणून उभे करायचे होते. ‘तारतम्य बाळगा’ हा सल्ला त्यांच्या किती कामी येणार? ‘प्रथम हे करा, नंतर ते करा’ हे मात्र शिकवता येते, वहीत लिहिता येते आणि निरीक्षकाला तपासताही येते. १८९०च्या दशकात डी गार्मो आणि मॅकमरी बंधूंनी अमेरिकेत हा विचार नेला. पुढे भारतीय अध्यापक महाविद्यालयांतील पाठटाचणांतही तो स्थिरावला.

(१२/१५)
या प्रवासातली मोठी हानी अशी, की ‘तारतम्य’ हीच हर्बार्ट यांची आवडती कल्पना होती. १८०२ मध्ये ग्योटिंगेन येथील व्याख्यानांत त्यांनी सिद्धान्त आणि प्रत्यक्ष अध्यापन यांच्यामधला दुवा म्हणून शिक्षकाचे तारतम्यच सांगितले. समोरच्या मुलाचे बोलणे ऐकून तत्क्षणी योग्य निर्णय घेण्याची ही शक्ती होय. सिद्धान्ताचा अभ्यास त्या शक्तीची मशागत करण्यासाठी. मशागतीची अवजारे टिकली, पीक विस्मरणात गेले.

(१३/१५)
१९१० मध्ये जॉन ड्यूई यांनी ‘हाउ वुई थिंक’ या ग्रंथात या पायऱ्यांचा परामर्श घेतला. त्यांचा आशय असा : शिक्षकाने स्वतःची तयारी करताना यांचा जरूर उपयोग करावा, पण वर्गात सर्वांना त्याच क्रमाने चालवू नये. शिक्षकाची तयारी जितकी सखोल, तितका तो वर्गात मोकळा. १९८७ मध्ये अमेरिकेत विज्ञानशिक्षणासाठी ‘फाइव्ह ई’ हे प्रतिमान तयार झाले. योगायोग पाहा : पायऱ्या पुन्हा पाचच, आणि पहिल्या पायरीचा रोख पुन्हा मुलाच्या पूर्वज्ञानाकडेच. आज ज्ञानरचनावादी पाठटाचणांत हे प्रतिमान आढळते.

(१४/१५)
म्हणून टाचण फेकून द्यावे, असे मी म्हणणार नाही. तयारीविना वर्गात जाणारा शिक्षक मुलांचे ऐकण्याऐवजी पुढचे वाक्य शोधत असतो. टाचणाचे खरे काम त्याला या काळजीतून सोडवण्याचे आहे. फक्त ‘पूर्वज्ञान’ या रकान्यात आपण आपला अंदाज लिहितो, हे विसरू नये. खरे पूर्वज्ञान मुलांपाशी असते आणि ते विचारावे लागते. ज्याचे उत्तर शिक्षकाने आधीच लिहून ठेवले आहे, तो प्रश्न प्रस्तावनेपुरताच राहतो.

(१५/१५)
जोर्वे प्रवरेच्या काठी, संगमनेरजवळ आहे. १९५०-५१ मध्ये तेथे उत्खनन झाले आणि तांबड्या मातीवर काळी नक्षी असलेल्या तेथील भांड्यांवरून एका संस्कृतीला नाव मिळाले. त्या मुलाच्या पांढरीतली खापरे तशी होती, की शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या घरातली? ‘उद्या दोन तुकडे घेऊन ये,’ एवढे एक वाक्य त्या दिवशी बोलले गेले असते, तर दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गात इतिहास शिकवला गेला असता.

तुमच्या वर्गात असे ‘बरं, बस’ म्हणून राहून गेलेले एखादे उत्तर आठवते का? खाली जरूर लिहा.