खेळाडूंचा खांदा : शस्त्रक्रियेची वेळ आणणारी कारणे

खांद्याच्या बहुतेक दुखापती विश्रांती आणि व्यायामोपचाराने बऱ्या होतात. मात्र काही खेळाडूंना शस्त्रक्रियेवाचून पर्याय राहत नाही. ही वेळ कोणावर येण्याची शक्यता अधिक असते, याबाबत गेल्या दोन दशकांतील संशोधनाने बरेच स्पष्ट चित्र पुढे आणले आहे. खेळाडूचे वय, खेळाचा प्रकार, सरावाचा ताण आणि पहिल्या दुखापतीनंतर घेतलेली काळजी हे त्यातील प्रमुख घटक आहेत.

सांध्याची रचना

खांदा हा शरीरातील सर्वाधिक हालचाल करू शकणारा सांधा आहे. तो उखळीचा सांधा असला, तरी त्याची उखळ अतिशय उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्यात पूर्ण सामावत नाही. त्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम उखळीच्या काठावरील लॅब्रम ही तंतुमय कूर्चेची कडा, भोवतालचे अस्थिबंध आणि ‘रोटेटर कफ’ या नावाने ओळखला जाणारा चार स्नायूंचा समूह करतो. हात चौफेर फिरवण्याचे स्वातंत्र्य मिळते, पण त्याच्या मोबदल्यात स्थैर्य कमी होते. अचानक बसणारा आघात आणि वर्षानुवर्षे साचत जाणारा ताण, अशा दोन मार्गांनी या सांध्याला इजा पोहोचते.

आघात आणि निखळणारा खांदा

भारतीय फलंदाज श्रेयस अय्यर याचे उदाहरण पहिल्या प्रकारात मोडते. २३ मार्च २०२१ रोजी पुण्याजवळील गहुंजे येथे इंग्लंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात क्षेत्ररक्षण करताना सूर मारल्याने त्याच्या डाव्या खांद्याला दुखापत झाली. एप्रिलमध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीच्या आयपीएलच्या पूर्वार्धाला तो मुकला. सप्टेंबरमध्ये संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या उत्तरार्धात तो मैदानावर परतला.

खांदा बहुतांश वेळा पुढील बाजूस निखळतो आणि लॅब्रमचा पुढचा भाग हाडापासून सुटतो. एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याचा धोका कोवळ्या वयात सर्वाधिक असतो. कुस्ती, कबड्डी, रग्बी यांसारख्या अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत तो आणखी वाढतो. प्रत्येक वेळी हाडाची थोडी झीज होते आणि पुढील शस्त्रक्रिया अधिक अवघड बनते.

बाल्ग आणि ब्वालो या शल्यविशारदांनी २००७ मध्ये या धोक्याच्या मोजमापासाठी १० गुणांची पद्धत मांडली. शस्त्रक्रियेच्या वेळी वय २० किंवा त्याहून कमी असणे, स्पर्धात्मक पातळीवर खेळणे, दंडाच्या माथ्यावर खळगा पडणे आणि उखळीच्या काठाचे हाड झिजणे यांना प्रत्येकी २ गुण देण्यात आले. सांधे जात्याच सैल असणे, तसेच अंगलटीचा किंवा हात जोराने डोक्यावर नेण्याचा खेळ खेळणे यांना प्रत्येकी १ गुण देण्यात आला. ज्यांचे गुण ६ पेक्षा अधिक होते, त्यांच्यात दुर्बिणीद्वारे लॅब्रम शिवल्यानंतरही खांदा पुन्हा अस्थिर होण्याचे प्रमाण ७० टक्के आढळले. अशा रुग्णांसाठी हाडाचा तुकडा उखळीच्या पुढील काठाशी बसवण्याची ‘लातार्जे’ शस्त्रक्रिया त्यांनी सुचवली.

अतिवापराचा ताण

भालाफेक, टेनिस, बॅडमिंटन, व्हॉलीबॉल, जलतरण आणि बेसबॉल या खेळांत हात वारंवार डोक्यावर न्यावा लागतो. त्यामुळे रोटेटर कफ आणि लॅब्रम हळूहळू झिजतात. रशियाची टेनिसपटू मारिया शारापोव्हा हिच्या उजव्या खांद्यावर ऑक्टोबर २००८ मध्ये शस्त्रक्रिया झाली. एकेरीत परतण्यास तिला मे २००९ उजाडला. २०१२ मध्ये मात्र तिने फ्रेंच स्पर्धा जिंकली.

या संदर्भात अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा मानला जातो. खांद्याची किंवा कोपराची शस्त्रक्रिया झालेल्या ९५ किशोरवयीन बेसबॉल गोलंदाजांची तुलना त्यात इजा न झालेल्या ४५ जणांशी करण्यात आली. वर्षातून ८ महिन्यांहून अधिक काळ स्पर्धात्मक गोलंदाजी करणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता ५ पट आढळली. एका खेपेस ८० पेक्षा अधिक चेंडू टाकणाऱ्यांमध्ये ती सुमारे ४ पट होती. हात थकलेला असतानाही नियमितपणे गोलंदाजी करणाऱ्यांमध्ये ती तब्बल ३६ पट दिसून आली. २००७ पासून तेथील ‘लिटल लीग’ या बालगटाच्या स्पर्धांत टाकलेल्या चेंडूंच्या संख्येवर मर्यादा घालण्यात आली.

प्रतिबंध शक्य

वय किंवा सांध्यांचा जन्मजात सैलपणा बदलता येत नाही. सरावाचा भार, स्नायूंची ताकद आणि खांद्याची लवचिकता यांवर मात्र नियंत्रण ठेवता येते. नॉर्वेमध्ये २०१४-१५ च्या हंगामात हँडबॉलपटूंना आठवड्यातून ३ वेळा, प्रत्येकी १० मिनिटांचे खांद्याचे व्यायाम देण्यात आले. हे व्यायाम न करणाऱ्या संघांच्या तुलनेत त्यांच्यात खांद्याच्या तक्रारींचा धोका २८ टक्क्यांनी कमी आढळला.

रात्री कुशीवर झोपताना होणारी वेदना, फेकीचा वेग किंवा अचूकता घटणे, हात उचलताना जाणवणारा अशक्तपणा आणि सांधा निसटल्याची भावना ही लक्षणे दुर्लक्षित करू नयेत. निखळलेला खांदा मैदानावर किंवा हाडवैद्याकडे ओढून बसवल्यास सोबतचा अस्थिभंग अथवा मज्जातंतूची इजा नजरेआड राहू शकते. अशा वेळी क्ष-किरण तपासणी आणि अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला आवश्यक ठरतो. वेदना थांबल्या म्हणजे सांधा बरा झाला असे नव्हे. ताकद आणि हालचाल पूर्ववत झाल्याची खात्री पटल्यावरच खेळाडूने मैदानात परतणे हिताचे असते.