नेट गेलं तरी गेट चालू

ब्राउझरमधलं ॲप नेट नसतानाही चाललं पाहिजे, ही मागणी सिलिकॉन व्हॅलीने २००७ च्या सुमारास मनावर घेतली. चाकणच्या कुठल्याही कंपनीच्या गेटवर हा प्रश्न तोवर कधीच सुटलेला होता. टेबलावर जाडजूड इनवर्ड रजिस्टर आणि त्याला दोरीने बांधलेलं पेन. टेम्पो आला की सिक्युरिटीवाला चलन घ्यायचा, गाडी नंबर, वेळ आणि नग लिहायचा, शिक्का मारायचा, की गाडी आत. ऑफिसमधला कम्प्युटर चालू आहे की बंद, याच्याशी त्या नोंदीचं काही देणंघेणं नव्हतं. स्टोअरचा माणूस सवडीने त्या नोंदी कम्प्युटरवर चढवायचा.

मग आम्ही सॉफ्टवेअरवाले आलो. रजिस्टर गेलं, टॅब आला, आणि नेट गेलं की गेट अडायला लागलं.

भोसरी ते चाकण पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांसाठी गेट आणि स्टोअरची वेब ॲप्स बनवणं हे माझं काम. त्यामुळे वेबचा हा इतिहास मी जरा गेटवरच्या खुर्चीतून वाचतो. साठच्या दशकात पिंपरीत टेल्को आली, १९९९ मध्ये बजाजने चाकणला प्लांट काढला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आली. या मोठ्यांभोवती शेकडो पुरवठादार उभे राहिले. माल साठवून ठेवायचा नाही, लाइनला लागेल तसाच मागवायचा, ही इथली रीत. अशा ठिकाणी गेटवर गाडी वीस मिनिटं उभी राहिली तर मागे रांग लागते आणि आत कुणाचा तरी आवाज चढतो. वर पत्र्याच्या शेडमध्ये सिग्नल धड पोचत नाही, ते वेगळंच.

तर २००७. त्या मे महिन्यात गूगलने ‘गिअर्स’ काढलं. हे ब्राउझरला जोडायचं प्लगिन होतं. पानं जपून ठेवायला एक कप्पा, डेटासाठी आत एक छोटा एसक्यूलाइट डेटाबेस. गूगल रीडर त्यावर ऑफलाइन चालायचं. कल्पना उत्तम, पण ते आधी इन्स्टॉल करावं लागे, आणि ‘नुसती लिंक उघडा’ ही वेबची मोठी सोय तिथेच संपे. काही वर्षांत गूगलनेच ते गुंडाळलं.

गंमत म्हणजे त्याच सुमारास आपल्याकडे वारणानगरला उलट्या बाजूने उत्तर शोधलं जात होतं. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीतल्या ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला होता, गावोगाव कम्प्युटर केंद्रं. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी पाहिलं तर तिथे मुख्यतः ऊस आणि साखर कारखान्याच्या हिशेबाचीच देवघेव चालत होती. त्यांनी काही गावांत कम्प्युटरच्या जागी एसएमएसवर चालणारे फोन देऊन पाहिले आणि काम भागलं. एसएमएसचा गुण असा की समोरचा फोन रेंजमध्ये नसला तरी निरोप मध्ये थांबून राहतो आणि रेंज आली की पोचतो. वेबला नेमकी हीच गोष्ट येत नव्हती.

गिअर्सनंतर एचटीएमएल५ सोबत ‘ॲपकॅश’ आला. कोणत्या फाइली जपायच्या त्यांची यादी लिहून द्यायची, बाकी ब्राउझर बघेल. ऐकायला इतकं सोपं, की संशय यावा. नेट असलं तरी ब्राउझर जुनीच फाइल दाखवायचा. यादीत एका अक्षराचा बदल केल्याशिवाय नवं काही उतरायचंच नाही, आणि उतरलं तरी पान पुन्हा उघडल्यावर दिसायचं. यादीच चुकून जास्त दिवसांसाठी साठवली गेली, तर वापरणारा जुन्या ॲपमध्ये अडकलाच. २०१२ मध्ये जेक आर्चिबाल्डने यावर असा खरमरीत लेख लिहिला की त्याचं शीर्षक इथे देता येणार नाही.

तोच आर्चिबाल्ड, ॲलेक्स रसेल आणि सॅमसंगचा जंगकी साँग यांची नावं सर्व्हिस वर्करच्या मसुद्यावर आहेत. यांनी यादी मागणं सोडलं आणि प्रोग्रामरच्या हातात गेटच दिलं. सर्व्हिस वर्कर म्हणजे पान आणि नेटवर्कच्या मध्ये बसणारी एक स्क्रिप्ट. पानाची प्रत्येक मागणी तिच्या हातून जाते. स्टोअरमध्ये आहे ते लगेच द्यायचं, बाहेरून आणायचं, की आधी बाहेर बघून नाही मिळालं तर जुनं द्यायचं, हे आपण कोडमध्ये ठरवायचं. एवढी सत्ता म्हणून अटही कडक: साइट एचटीटीपीएसवरच हवी. सिंगल-पेज ॲपला तर हे फारच मानवतं, कारण तिथे मुळात एकच एचटीएमएल पान असतं. ते आणि त्याची जावास्क्रिप्ट जपली की कुठलाही पत्ता उघडा, ॲपचा सांगाडा समोर येतो.

क्रोममध्ये हे २०१५ च्या सुरुवातीला आलं. त्याच वर्षी फ्लिपकार्टने आधी मोबाइल वेबसाइट बंद करून सगळ्यांना ॲपकडे ढकललं आणि नोव्हेंबरात सर्व्हिस वर्करवर चालणारं ‘फ्लिपकार्ट लाइट’ काढून वेबवर परत आली. मार्च २०१८ मध्ये आयफोनवरही सोय झाली. दुसऱ्याच महिन्यात, १ एप्रिलला, आंतरराज्य मालवाहतुकीला ई-वे बिल लागू झालं आणि गाडीला नेटची गरज कायमची चिकटली. (ई-वे बिल एसएमएसनेही काढता येतं. वारणेची आठवण येते ती इथे.)

३० जुलै २०१८ ला चाकणमध्ये आंदोलनाला हिंसक वळण लागलं, बसगाड्या जळाल्या. ९ ऑगस्टच्या बंदला पुणे जिल्ह्यातल्या सात तालुक्यांत इंटरनेट बंद ठेवलं गेलं, त्यात चाकणचा खेड तालुकाही होता. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. ऑफलाइन म्हणजे दुर्गम खेड्यातली रेंज असं परदेशी ट्युटोरियलमध्ये वाचायचो, आणि इथे ऑटो हबमध्ये नेट आदेशाने जात होतं.

पण पान उघडणं हा सोपा भाग. ट्युटोरियल तिथेच संपतात, आमचं काम तिथे सुरू होतं. नेट नसताना केलेली नोंद फोनमधल्या इंडेक्स्ड-डीबीत रांगेत ठेवायची आणि नेट आलं की पाठवायची. क्रोमकडे त्यासाठी २०१६ पासून ‘बॅकग्राउंड सिंक’ आहे. सफारीवर ते नाही, तिथे ॲप पुन्हा उघडल्यावरच रांग सरकते. नोंद पाठवली, सर्व्हरला पोचली, पण उत्तर येण्याआधी नेट गेलं, तर फोन ती पुन्हा पाठवणार. एका चलनाचे दोन माल झाले की स्टोअरमधले दोनशे ब्रॅकेट कागदावर चारशे होतात. म्हणून नोंदीचा नंबर सर्व्हरने नाही, फोननेच जन्मतः द्यायचा, आणि तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने फक्त ‘मिळालं’ म्हणायचं.

आणि तारीख. टेम्पो रात्री साडेअकराला आला, नोंद सर्व्हरवर पोचली सकाळी सातला. माल कधी आला? २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे, करारात काहीही लिहिलं असलं तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. ३१ मार्चची रात्र असेल तर वर्षच बदलतं. एका मीटिंगमध्ये मोठ्या खरेदीदाराकडचा माणूस म्हणाला, ‘‘सर्व्हरची वेळच खरी धरा ना, सोपं आहे.’’ सोपं होतंच, त्यांच्यासाठी. समोर बसलेले टर्निंगच्या दोन मशिनवर धंदा चालवणारे काका शांतपणे म्हणाले, ‘‘साहेब, रजिस्टरवर माझी गाडी आली तेव्हाचीच वेळ लिहायचे.’’

फोनचं घड्याळ मात्र कुणीही पुढेमागे करू शकतं, हाही मुद्दा खरा. शेवटी आम्ही दोन्ही वेळा ठेवल्या, ‘गेटवर’ आणि ‘सर्व्हरवर’. दोन्हींत जास्त अंतर पडलं तर ओळ पिवळी होते आणि स्टोअरवाल्याने कारण लिहिल्याशिवाय ती मिटत नाही. बिल ‘गेटवर’च्या तारखेने मोजलं जातं. काकांनी त्या टॅबशेजारी एक वहीही ठेवायला सांगितलीय, दोरीने बांधलेल्या पेनसकट.