पॉम्पेईची हस्तिदंती स्त्री आणि भोकरदन

तटबंदीच्या पॉम्पेई नगरात ही हस्तिदंती मूर्ती १९३८ साली सापडली. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात नगर गाडले गेले. त्याआधीच ती भारतातून तिथे पोचली होती. उंची सुमारे २५ सेंमी. दागिन्यांनी मढलेली स्त्री, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. लक्ष्मी म्हणून ती प्रसिद्ध असली तरी ती यक्षी असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. मूर्ती आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

काही जण तिला मथुरेची म्हणतात. त्यात जालना जिल्ह्यातल्या भोकरदनचा उल्लेख मात्र राहून जातो. केळना नदीकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. इथल्या दात्यांची नावे सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी १९७३ मध्ये इथे उत्खनन केले, तेव्हा अशाच घडणीच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग मिळाला. मराठवाड्यातल्याच तेर गावीही तशीच मूर्ती सापडली आहे. म्हणून पॉम्पेईची मूर्ती सातवाहनांच्या दख्खनात घडली असावी, हे मत अधिक सबळ वाटते.